खालून पहिली ओळ

बटण होतं पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात आणि मी ते दाबत होते. दहा-पंधरा वेळा दाबलं. ढिम्म. शेवटी वैतागून मी माउस ढकलून दिला, त्याचा बाण पडद्याच्या खालच्या मोकळ्या जागेत गेला, तिथे चुकून बोट पडलं आणि पडद्यावर प्रश्न उमटला : "सगळं पुसून टाकू का?"

"सर, बटण वर आहे आणि त्याचा जीव खाली आहे," मी म्हणाले. "गोष्टीतल्या राक्षसासारखा."

कर्णिक सर माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांना गोष्टी आवडत नसत. "राक्षस शोध आणि मार," ते म्हणाले. "पंधरा जूनला संच गेला पाहिजे."

हे दोन हजार दोनचं साल. पुण्यातल्या एका संस्थेत आम्ही 'पायरी' नावाची प्रोग्रामिंगची भाषा सांभाळत होतो. डिप्लोमाच्या मुलांनी इंग्रजीचा धसका न घेता प्रोग्राम लिहावेत म्हणून ती केलेली, तिच्यातल्या आज्ञा मराठीत. भाषा, ती यंत्राला समजावणारा प्रोग्राम, नमुने, मदतीची पानं असं सगळं एका सीडीवर घालून आम्ही राज्यभरच्या तंत्रनिकेतनांना पाठवायचो. त्या सीडीला आम्ही संच म्हणायचो. संचाचं एकच दुखणं होतं. पायरीत लिहिलेला प्रोग्राम काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं छापायचा आणि गप्प बसायचा. खिडक्या नाहीत, बटणं नाहीत, चित्रं तर नाहीतच. मुलं कंटाळली होती आणि मास्तर तक्रारी लिहीत होते.

अशात डिसेंबरात सोलापुराहून एक पाकीट आलं. आत एक सीडी आणि वहीच्या पानावर दोन ओळी. "पायरीत खिडक्या-बटणं काढायची लायब्ररी केली आहे, नाव झरोका. विद्यार्थ्यांना उपयोग होत असेल तर संचात घ्या. व्यंकटेश इराबत्ती." सीडी लावली आणि आम्ही चाटच पडलो. कॉलेजांतल्या जुन्यापुराण्या यंत्रांवरसुद्धा झरोका झरझर चालत होतं. सरांनी ठरवलं, या वर्षीच्या संचात झरोका जाणार. ते संचात बसवायचं काम माझ्याकडे आलं.

मी, अनुया दातार, तेव्हा चोवीस वर्षांची, कंत्राटावर, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशा समजुतीत. झरोक्याने ती समजूत महिनाभरात उतरवली. आपण कागदावर लिहितो तसा पडदा वरून मोजतात, पहिली ओळ सगळ्यात वर. आमची अख्खी पायरी तशीच मोजायची. झरोका खालून मोजायचं. म्हणून दोन्ही एकत्र आणले की बटण एकीकडे दिसायचं आणि लागायचं दुसरीकडे. इतकी सुबक लायब्ररी लिहिणारा माणूस एवढी साधी गोष्ट उलटी कशी करेल? मला काही केल्या उलगडा होईना. मी त्याला मेल केली. आठ दिवसांनी उत्तर आलं : "खालून मोजणं तसंच राहू द्या." मी विचारलं, का? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. "राहू द्या, मॅडम." गडी ताकाला तूर लागू देत नव्हता.

"त्याला विचारतेस कशाला?" सर म्हणाले. "सरळ कर. आणि संमतीपत्रावर त्याची सही घे. सहीशिवाय मी दुसऱ्याचं काम संचात घालणार नाही. अनुया, जुलैत तुझ्या कायम होण्याचा कागद माझ्या टेबलावर येणार आहे. तोवर हे एक काम नीट करून दाखव."

मी सरळ केलं. दोनशे बारा ठिकाणी. चार आठवडे लागले. बटण जिथे दिसायचं तिथेच लागायला लागलं. राहिली फक्त सही. संमतीपत्र दोनदा पोस्टाने पाठवलं, दोन्ही वेळा ते कोरंच परत आलं. मग मेच्या शेवटच्या आठवड्यात मी स्वतःच सकाळच्या गाडीत बसले. माझा बेत साधा होता. त्याच्या यंत्रावर नवा संच चढवायचा, सरळ झालेलं झरोका दाखवायचं. बघितलं की पटेल, पटलं की सही करेल.

सोलापूरचं ऊन म्हणजे काय ते स्टेशनाबाहेर पडल्यावर कळलं. पूर्व भागात इराबत्तींचं घर सापडायला तीन रिक्षावाले आणि एक पानवाला लागला. गल्लीभर मागांचा खडखडाट. एकमेकांशी बोलायचं तर लोक ओरडत होते, तेही निम्मं तेलुगूत, निम्मं मराठीत. मला वाटलं सगळी गल्ली भांडते आहे. कोणी भांडत नव्हतं.

दार एका बाईंनी उघडलं. व्यंकटेशची बायको, रेणुका.

"पुण्याच्या पायरीच्या मॅडम का? या की! ते कारखान्यात कार्डं पोचवायला गेलेत, तासाभरात येतीलच. बसा की."

पुढची खोली म्हणजे त्यांचा कारखानाच होता. चादरीवर जी नक्षी येते ती आधी चौकटीच्या कागदावर काढतात, मग तिच्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात. ती कार्डं मागावर चढली की माग भोकं बघून नक्षी विणतो. खोलीत अशा कार्डांच्या माळा भिंतीभर लटकत होत्या. कोपऱ्यात टेबलावर कॉम्प्युटर, त्यावर फुलाफुलांच्या कापडाचं कव्हर. तेव्हा घरोघरी कॉम्प्युटरला असं कव्हर असायचं. काम झालं की लेकराला पांघरूण घालावं तसं घालायचे.

"ते येईपर्यंत मी नवा संच चढवून ठेवू का?" मी विचारलं.

"चढवा की. तुमचंच हाय."

मी चढवला. मध्येच प्रश्न आला : "जुना संच काढून टाकू का?" मी होय दाबलं. कुठून बुद्धी झाली कोण जाणे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेवढ्यात आतल्या खोलीतून एक म्हातारे गृहस्थ आले. स्वच्छ पांढरं धोतर, कपाळावर गंध, उजवा पाय किंचित ओढत होते. रेणुकाने सांगितलं, "माझे सासरे. आम्ही नायना म्हणतो." तेलुगूत वडिलांना नायना. मी नमस्कार केला. त्यांनी डावा हात छातीशी नेला.

"पुण्याहून आला? उन्हाचं? पोरी, आधी पोटाला काहीतरी दे यांच्या," ते सुनेला म्हणाले. रेणुका मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली. नायना टेबलाशी बसले असावेत, कारण खुर्ची करकरली. मला वाटलं म्हातारबुवा वारा घेत बसले. कॉम्प्युटरशी त्यांचा काय संबंध असणार?

रेणुकाने भाकरी वाढली, वर शेंगाची चटणी आणि दही. वाढता वाढता ती सांगत होती.

"नायना म्हंजे इथले जुने नक्षीकार. पन्नास वर्षं कागदावर नक्षी काढली. मग कॉम्प्युटर आले अन् कागद बंद पडला. दोन वर्षं नुसते बसून होते. यांनी मग त्यांच्यासाठी कॉम्प्युटरवर नक्षी काढायचं सगळं करून दिलं, घरी बसून, रात्रंदिन. सत्तराव्या वर्षी शिकले, मॅडम! आता बावीस दुकानांत हेच चालतंय. पण गेल्या वर्षी झटका आला त्यांना. पाय आला परत, उजवा हात म्हणावा तसा नाही आला. डॉक्टर बोलले, परत आला तर डोक्यावर जाईल. आकडे चुकायला लागले की लगेच आणा. म्हणून रोज बसल्या बसल्या आधी पडद्यावरच्या ओळी मोजतात. खालून एक ते चाळीस. चाळीस झाले की मला ओरडून सांगतात, रेणुका, हाय अजून मी!"

'खालून' हा शब्द ऐकून मला कुठेतरी टोचलं. पण हातात घास होता, चटणी तिखट होती, बाहेर मागांचा गोंधळ होता, आणि टोचतंय काय ते मला कळेना.

पुढच्या खोलीतून आवाज आला. "एक."

मग बराच वेळ काही नाही.

"एक," पुन्हा. या वेळी हळू.

रेणुकाचा हात दह्याच्या भांड्यात थांबला. तिने कान टवकारले. तिसऱ्यांदा "एक" आलं तेव्हा ते प्रश्नासारखं आलं. नंतर कापड ओढल्याचा आवाज झाला आणि मग काहीच नाही.

आम्ही बाहेर धावलो. नायना खुर्ची सोडून भिंतीशी जमिनीवर बसले होते, डावा हात डोक्यावर. कॉम्प्युटरवर कव्हर घातलेलं होतं.

"काय झालं, नायना?"

"व्यंक्याला बोलाव. आकडे फिरले."

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. रेणुका रडतच शेजारी फोन करायला पळाली. मी तिथेच उभी. मला काय करावं सुचेना. पाणी आणू, वारा घालू, डॉक्टर, की नुसतं थांबू? ओळख ना पाळख, आणि माझ्या देखत या घरावर हे काय कोसळलं? मी त्यांना पाणी दिलं. ते प्यायले नाहीत. "बरं झालं आधीच कळलं," ते स्वतःशी म्हणाले. 

दहा मिनिटांत व्यंकटेश आला. तिशीतला, हडकुळा, घामाने थबथबलेला. माझ्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. वडिलांशी तेलुगूत भराभर बोलला, त्यांचे डोळे बघितले, हात दाबून बघितला. मग मला म्हणाला, "मॅडम, आज काही होणार नाही. यांना दवाखान्यात न्यायचंय. रिक्षा येईलच."

"हो, हो, नक्कीच," मी म्हणाले. निघायचं म्हणून सीडी काढायला टेबलाशी गेले आणि कव्हर वर उचललं.

पडद्यावर मोर होता. अर्धा काढलेला, चौकटी चौकटींचा, देखणा मोर. डोक्यावर उभा. पाय छताकडे. आणि सगळ्यात वरची ओळ, पायांची ओळ, पिवळी उजळली होती. तिच्यापुढे आकडा : एक.

मी त्या पिवळ्या ओळीकडे बघत राहिले. मग कळलं. त्यांची नक्षी झरोक्यावरच चालत होती. त्यांचे आकडे फिरले नव्हते. ते मी फिरवले होते, दोनशे बारा ठिकाणी, मन लावून.

"थांबा!" मी ओरडले. "त्यांना काही झालेलं नाही! हे बघा, हे मी केलंय!"

व्यंकटेश आला. पडदा बघितला. मग माझ्याकडे बघितलं. ती नजर मी अजून विसरलेले नाही. तो वळून वडिलांना समजावू लागला. नायनांनी मान हलवली.

"नायना, खरंच," मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "मी नवीन चढवलं. माझ्यामुळे उलटं झालं. तुमचं डोकं एकदम ठीक आहे."

"पोरी," ते माझ्या हातावर थोपटत म्हणाले, "चांगल्या घरची हायस. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलायलीस. कॉम्प्युटरचा डबा चुकत नसतो. माणूस चुकतो."

 ज्या यंत्रावर विश्वास ठेवायला तो माणूस सत्तराव्या वर्षी शिकला होता, तो विश्वास माझ्या आड आला होता.

"जुनी सीडी आहे?" मी व्यंकटेशला विचारलं.

"कारखान्यात. आणायला अर्धा तास. रिक्षा तर आलीच."

दारात रिक्षाचा हॉर्न वाजला. रेणुका त्यांच्या चपला घेऊन आली. आणि मला जे सुचलं ते इंजिनियरला शोभणारं नव्हतं.

"हे धरा," मी म्हणाले. "पडदाच उलटा करू."

"काय?"

"उलटा करायचा! धरा म्हणते ना!"

तेव्हाचे मॉनिटर म्हणजे धोंडे. आम्ही दोघांनी तो उचलला, रेणुकाने टेबलावर उशी ठेवली, आणि तो डोक्यावर पालथा घातला. वायर ताणली, पण निघाली नाही. आता मोर पायांवर उभा होता. पिवळी ओळ खाली, पायाशी.

"बघा, नायना! खालून एक. बघा की!"

व्यंकटेशने त्यांना आधार देऊन उठवलं. ते जवळ आले. बराच वेळ बघत राहिले.  आता हसतील, आता म्हणतील, हो, बरोबर.

"चुकलंय," ते म्हणाले.

रेणुकाने तोंडाला पदर लावला. व्यंकटेशचा चेहरा उतरला.  म्हणजे खरंच काही झालं होतं का यांना?

"काय चुकलंय, नायना?" व्यंकटेशने हळूच विचारलं.

"तोंड. माझा मोर उजवीकडं बघत होता. ह्यो डावीकडं बघायलाय."

व्यंकटेशने आणि मी एकमेकांकडे बघितलं. मी टेबलावरचं पेन घेतलं, संमतीपत्राच्या पाठीवर मोर काढला, कागद फिरवून बघितला, पुन्हा फिरवला. मला काही धड कळेना. नायनांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतःचा डावा तळहात पुढे धरला.

"हे बघ. तू त्याला पाण्यातल्या सावलीगत पाडलंस. पाय वर गेले, पण तोंड होतं तिकडंच राहिलं. आता डबा फिरवला." त्यांनी तळहात मनगटातून गरकन फिरवला. "डबा फिरवला तर पाय खाली येतात, पण डावं-उजवं पण फिरतंच की!"

मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. अगदी बरोबर होतं. दोन शिकलेल्या माणसांना जे दिसलं नाही, ते त्यांनी बघताक्षणी ओळखलं होतं. हे त्यांच्याही लक्षात आलं. आधी डोळे बारीक झाले, मग मिशी हलली, आणि मग ते असे हसले की मागांचा आवाजही ऐकू येईना.

"दोन इंजिनियर!" ते व्यंकटेशच्या पाठीत धपका घालत म्हणाले. "दोन इंजिनियर, अन् एकालाबी कळंना! रेणुका, रिक्षा परत पाठव. हाय अजून मी!"

रेणुका तिथेच खाली बसली आणि रडली. मलाही रडू आलं, ते मी लपवलं नाही.

मग चहा झाला. "मेलमध्ये लिहिलं का नाही हो?" मी व्यंकटेशला विचारलं. तो ओशाळला. "घरचं कारण होतं, मॅडम. तुम्हाला काय लिहायचं, वडिलांना तसंच मोजता येतं म्हणून?"

"मला तसंच येतं असं न्हाई," नायना मध्येच म्हणाले. "कापडच खालून वाढतं. विणकराच्या पोटाशी पहिली ओळ, अन् मग वर वर. तुमचा कागद वरून भरतो. ज्याचं त्याचं."

व्यंकटेशने संमतीपत्र पुढे ओढलं. "सही करतो. पण बावीस दुकानांत नायनांसारखेच लोक बसतात. यंत्र बिघडतं, नवं येतं, नवा संच चढतो. मी काय सगळीकडे पुरणार? काही सांगितलं नाही तर झरोक्याने खालूनच मोजलं पाहिजे. ज्याला वरून पाहिजे त्याने तसं सांगावं." मी ती अट माझ्या हाताने कागदावर लिहिली. त्याखाली त्याने सही केली. मागच्या बाजूला माझे वेडेवाकडे मोर होते.

कर्णिक सरांनी कागद दोनदा वाचला.

"हजारो विद्यार्थी एका बाजूला आणि तुझी बावीस दुकानं दुसऱ्या बाजूला?"

"विद्यार्थी एक ओळ जास्तीची लिहितील, सर. त्या माणसांना ती लिहिता येणार नाही."

"दोनशे बारा ठिकाणी सरळ केलंस, आता पुन्हा वाकडं करणार?"

"हो."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. शेवटी म्हणाले, "तारीख गळ्याशी आली नसती तर ऐकलं नसतं. कर. पण कोणी विचारलं तर तुझं नाव सांगेन." संच पंधरा जूनला गेला. जुलैत माझ्या कायम होण्याचा कागद त्यांच्या टेबलावर आला आणि तिथेच राहिला. ऑगस्टमध्ये मी दुसरी नोकरी शोधली. आपण बरोबर केलं की खुळेपणा केला, हे मला त्यानंतर कितीतरी दिवस ठरवता आलं नाही.

त्यानंतर पायरी बारा-तेरा वर्षं चालली. राज्यातल्या प्रत्येक डिप्लोमाच्या पोराने खिडकी काढण्याआधी एक ओळ लिहिली : "वरून मोज." का लिहायची ते कोणाला ठाऊक नव्हतं. मास्तर म्हणायचे, विचारू नका, लिहा. एकदा मी एका मुलाची मुलाखत घेत होते. त्याने फळ्यावर ती ओळ लिहिली. मी विचारलं, ही कशाला? तो म्हणाला, "लिहावीच लागते, मॅडम. ज्याने ही भाषा केली त्याचं डोकं फिरलेलं होतं."

"कोणाचंही फिरलेलं नव्हतं," मी म्हणाले. माझा आवाज जरा चढला असावा, कारण त्या बिचाऱ्याने खडू खाली ठेवला.

दोन हजार दोनच्याच दिवाळीत मला सोलापुराहून एक पार्सल आलं होतं. आत चादर, निळ्यावर पांढरी नक्षी, आणि व्यंकटेशची चिठ्ठी. "नायनांनी स्वतः काढली. भोकं पाडणारा कार्डं दोनदा परत घेऊन आला, म्हणाला यात चूक आहे, आजवर नायनांचा एकही मोर असा झालेला नाही. नायना म्हणाले, बरोबर आहे, तसंच राहू द्या."

मी चादर पलंगावर पसरली. मोर डावीकडे बघत होता.